रेखाच्या वहीतलं माझं अक्षर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. परवा आमच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत एका शिकाऊ मुलीनं तिची कामाची वही सहीसाठी माझ्यापुढं ठेवली. पानभर तपासण्या लिहिलेल्या — आणि यंत्राजवळ मी तिला कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. मी मुकाट्यानं सही केली. घरी येईपर्यंत मी स्वतःवरच चिडत होते.

मीही तशीच शिकले ना! दुग्धतंत्राची पदवी — तीन दिवस कॉलेज, तीन दिवस कळंबजवळच्या दूध केंद्रात पगारी काम. शिकता शिकता कमवा, म्हणे. शिकायचं काय, तर कॅन घासायचे. सोड्याच्या पाण्यानं माझ्या मैत्रिणीच्या, रेखाच्या, हातांची सालटी निघायची. फॅट मोजायच्या यंत्राला हात लावला की साहेब खेकसायचे. त्यांना शिकाऊ पोरी नकोच होत्या, स्वस्तातल्या मोलकरणी हव्या होत्या. आणि कॉलेजला? भरलेल्या वह्या.

त्या मी भरायचे. माझं अक्षर चांगलं. आदल्या वर्षीच्या पोरींची वही समोर ठेवायची आणि रोज 'फॅट तपासली, आम्लता तपासली' असं उतरवायचं — माझ्या वहीत, रेखाच्याही. तिनं कधीच सांगितलं नव्हतं. उलट म्हणायची, "खोटं कशाला लिहितीस गं? कॅन घासले म्हणून लिही की." मी हसायचे. असं कुणी लिहितं का?

एक दिवस रेखा मला सोबत घेऊन थेट विभागप्रमुखांकडं गेली. "सर, आमाला तिथं कायबी शिकवत न्हाईत. लई झालं आता." सरांनी शांतपणे तिची वही उघडली. पानंच्या पानं तपासण्या, खाली केंद्राच्या साहेबांच्या सह्या. मग माझ्याकडं वळून विचारलं — हे अक्षर तुझं दिसतंय, कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंस?

रेखानं माझ्याकडं पाहिलं. अगदी निर्धास्त. मी खरंच सांगणार, याची तिला खात्री होती. मला मात्र माझं वर्ष बुडताना दिसत होतं. मी म्हणाले, "सर, तिनं सांगितलं तसं लिहिलं."

तिची तक्रारच खोटी ठरली. केंद्राची बदनामी केली म्हणून तिचं काम बंद झालं. काम बंद, म्हणजे वर्षही गेलं. ती पुन्हा कॉलेजात आली नाही. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली. ते यंत्र मी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा हाताळलं.

केंद्राला, कॉलेजला मी आजही शिव्या घालते, आणि त्या त्यांना लागूच आहेत. पण खोटं बोल, असं मला कुणी सांगितलं होतं? सरांनी तर साधा प्रश्न विचारला होता.

त्या दिवशी सरांच्या दाराबाहेर आल्यावर रेखा भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "म्या कवा सांगितलं व्हतं गं?"

मी चप्पल घालून निघून गेले.