आईनं निवडलेला व्हिडिओ

दुकानात नव्या रबरी चटईचा वास आला की मला रोहणा गावातल्या आमच्या घराची मधली खोली आठवते. आईचे गुडघे दुखायचे आणि डॉक्टरांनी तिला घरीच योगासनं करायला सांगितली होती. मी आर्वीहून जाड चटई आणून दिली, पण मोबाइलवरचा व्हिडिओ आईनंच निवडला. त्यातली वयस्कर बाई खुर्चीचा आधार घेऊन, सावकाश मराठीत शिकवायची. "ही बाई माह्यासारखी हाय, मले जमंल," आई खुशीत म्हणाली. मग रोज दुपारी दार लोटून, मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ती आसनं करू लागली. एकदा बाबांनी खिडकीतून तिचं शूटिंग केलं आणि "आमच्या घरची सर्कस" असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. सगळे पोट धरून हसले. आईनं ते पाहिलं आणि चटई गुंडाळून माळ्यावर टाकली. "काऊन बंद केलं?" मी विचारलं. "पुरे झालं आता," एवढंच ती म्हणाली. आता ती भिंत धरून चालते. परवा पाहुण्यांसमोर बाबा म्हणाले, "डॉक्टरनं हिले किती सांगतलं, पण हे ऐकते कुठं?" पाहुण्यांनी माना डोलावल्या, आणि आई अपराध्यासारखी हसली.