अण्णांनी अर्धी घासलेली भिंत

अण्णा गेल्याचं मला साकीनाक्याच्या ऑफिसात फोनवर कळलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. नवरा एवढंच म्हणाला, "गेले गं," आणि मी हातातली फाइल न ठेवताच जिना उतरले. पाच आठवडे झाले, पण अजून एका जागी बसवत नाही. उठते, पाणी पिते, गॅस बंद आहे ना ते बघते, परत बसते...

लग्न होऊन कांदिवलीच्या घरी आले, तेव्हा चौथ्याच दिवशी बघितलं, सासरे लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून संडास घासतायत. मी लाजून ब्रश मागितला, त्यांनी दिला नाही. गिरणीत होते तेव्हा चाळीत रोज सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. घरातला स्वतःचा संडास मिळाला तो उतारवयात, आणि तो दुसऱ्या कुणी घासावा हे त्यांना पटायचंच नाही. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, हा ह्यांचा देव्हारा.

पुढे बऱ्याच वर्षांनी वरच्या मजल्याचा पाइप गळायला लागला. आमच्या भिंतीला ओल आली आणि फ्लशच्या टाकीमागून काळी बुरशी वर चढत गेली. अण्णा ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून लावायचे, खिडकी उघडी ठेवायचे, अर्ध्या तासानं घासायचे. पंधरा दिवसांत ती पुन्हा हजर. सोसायटीला अर्ज दिले, वरच्यांकडे चकरा मारल्या. वरचे चहा पाजून परत पाठवायचे. गुडघे गेल्यावर मीच त्यांना थांबवलं. रविवारी मी करीन म्हटलं, आणि किती रविवार केलंच नाही.

मग आमच्या मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी यायची ठरली. सकाळी डबा भरताना मी चिडून बोलले, की तो काळा कोपरा बघून लोक काय म्हणतील, या घरात कुणाला पडलेलीच नाही. मी अण्णांना उद्देशून बोलले नव्हते. पण ते समोरच चहा पीत बसले होते.

अकराच्या सुमारास त्यांचाच फोन आला. शांतपणे म्हणाले, जरा घरी ये. रिक्षाला सव्वा तास लागला. एवढा वेळ शेजाऱ्यांना हाक का मारली नाही, ते दार उघडल्यावर कळलं. अण्णा संडासाच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसले होते, एक पाय वाकडा. आत स्टूल आडवं पडलेलं, बाजूला ब्रश. भिंत टाकीच्या वर हातभर पांढरी झालेली, त्यापुढे छतापर्यंत काळी. त्यांनी माझं मनगट धरलं.

"चक्कर इली म्हणून सांग. ह्यां कोणाक सांगू नको."

मी आधी स्टूल उचलून जागेवर ठेवलं, ब्रश धुतला, लादी पुसली. मग ॲम्ब्युलन्सला फोन केला. हा क्रम मी विसरू शकत नाही.

खुब्याचं ऑपरेशन झालं, मग न्यूमोनिया झाला. अठराव्या दिवशी गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते चक्करच सांगायचे, आणि सांगताना माझ्याकडे बघायचे नाहीत. मी मान डोलवायची.

पण नवऱ्याचं वेगळंच सुरू झालं. अण्णांच्या बीपीच्या गोळ्या त्या आठवड्यात संपल्या होत्या, आणि त्या आणायचं हा विसरला होता. माझ्यामुळे गेले, असं तो जेवताना म्हणायचा, आंघोळीला जाता जाता म्हणायचा. दिवसकार्य झालं तरी थांबेना. मी ऐकत राहिले... गेल्या रविवारी दुपारी सगळं सांगून टाकलं. माझं सकाळचं बोलणं, स्टूल, धुतलेला ब्रश, सगळं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे गोळ्यांनी नाही?"

"नाही."

अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच तो रडला. माझ्यावर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. दोन दिवस कामापुरतंच बोलला, आता बोलतो.

सोसायटीनं शेवटी पाइप बदलून दिला. ओल सुकतेय, पण बुरशी आधीच खाली सरकून अण्णांनी पांढऱ्या केलेल्या भागात शिरलीय. मी पावडर आणून ठेवलीय. दार उघडते, कुठवर त्यांचा हात पोचला होता ती रेघ शोधते. घासलं तर सगळी भिंत सारखी होईल, नाही घासलं तरी सगळी काळी होईल... दार लावते, आणि थोड्या वेळानं पुन्हा उघडते.