एकाच कुत्र्याचे दोन जबडे

"डॉक्टर, आता बगा!" भारतीमावशींनी टायगरचं तोंड माझ्यापुढे धरलं. खालचा जबडा चांगलाच मागे होता. आत्ताच मी ओठ उचलून बघितलेला, तेव्हा तो चोख जागेवर होता. मी चक्रावलो.

ठाकुर्लीत माझं पाळीव प्राण्यांचं क्लिनिक आहे. मावशी डोंबिवलीच्या बाजारात मासे विकतात. त्यांच्या मुलाने, नीलेशने, कल्याणच्या ब्रीडरकडून हा लॅब्रॅडॉर आणलेला. जातिवंत लॅबला 'सिझर बाइट' लागतो. म्हणजे तोंड मिटल्यावर वरचे पुढचे दात खालच्या दातांना लागून, जरा पुढे बसायला हवेत. मधे फट पडली की डॉग शोमध्ये तो दोष धरतात. नीलेशला टायगरला शोमध्ये उतरवायचं होतं, म्हणून त्याने ब्रीडरला दातांचा फोटो पाठवला. फोटोत फट होती.

"तो बोलला, परत आणा, दुसरं पिल्लू देतो," नीलेश म्हणाला. "संध्याकाळी नेतोय."

"दुसरं कशाला? मला हाच पायजे." मावशींचे डोळे भरून आले. "बाजारातून आले का पयला माजी पाटी चाटून भिजवतो."

मला त्यांचं वाईट वाटत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. मी पुन्हा ओठ उचलला. बाइट बरोबर. मावशींनी दाखवलं. फट! दात बदलायच्या वयात वरचा आणि खालचा जबडा कमीजास्त वेगाने वाढतो, हे खरं. पण असा मिनिटामिनिटाला? सांधा सैल असेल म्हणून गालाजवळ चाचपलं. तिथे काही नाही.

"डॉक्टर, एकदा हो, एकदा नाय. नक्की काय ते सांगा ना," नीलेश वैतागला.

"अरे, मला कळलं तर सांगेन ना!" मी खेकसलो.

शेवटी मावशींना म्हटलं, "अजून एकदा दाखवा." या वेळी मी दात सोडून त्यांचे हात बघितले. कुत्र्याचं डोकं मागे झुकवलेलं, तोंड छताकडे, अंगठा हनुवटीवर रेटलेला. गिऱ्हाइकाला माशाचा लाल कल्ला दाखवताना धरतात, अगदी तसं. डोकं असं मागे गेलं की कुत्र्याचा खालचा जबडा मागे सरकतो. त्यात अंगठ्याचा जोर.

"फोटोत कोणी धरलेलं?"

"आईने," नीलेश म्हणाला आणि त्याने खिशातून मोबाइल काढला.

मी टायगरचं डोकं सरळ ठेवून दोन बोटांनी ओठ उचलला. नीलेशने नवा फोटो पाठवला. लगेच ब्रीडरचा फोन आला, नीलेशने तो स्पीकरवर टाकला.

"हा दुसरा कुत्रा आहे का?"

"तोच आहे," मी म्हणालो.

"मग परत कशाला आणताय? मस्त बाइट आहे."

मावशी टायगरला कवटाळून रडल्या.

"आई, शोमध्ये तू लांब उभी राहा हां," नीलेश म्हणाला.

"राहीन. पण घरी मीच आणनार त्याला."

आता कोणी जबडा दाखवायला आलं, की मी आधी धरणारा हात बघतो.