पेपर सुरू असताना उठायचं नाही

आमच्या गावच्या तलावाचा मी पाणकर होतो. म्हणजे धानाला पाणी सोडायचं आणि पाळी संपली की बंद करायचं, हे माझं काम. तलावाच्या तुडुमातला, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडातला, खुंटा उपसला की पाणी पाटात जातं, ठोकला की थांबतं. खुंटा ठोकताना मी कोणाचं तोंड पाहिलं नाही. एखाद्याची बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, अर्धी ओली, अर्धी कोरडी राहायची. तो आधी पाया पडायचा, मग शिव्या द्यायचा. सख्ख्या भावानं माझ्या घरचं जेवण सोडलं. सोडू दे. पाळी संपली म्हणजे संपली. बायको म्हणायची, "तुमच्या छातीत पन तोच खुंटा ठोकला हाय."

आम्हाला एकच मुलगी, तीही उशिरा झालेली. बी.एस्सी. झाली आणि म्हणाली, एमबीए करीन. त्याची प्रवेश परीक्षा कॉम्प्युटरवर असते. कॉलेजातल्या मॅडमनं आपला जुना लॅपटॉप वापरायला दिला, त्यात सरावाचे पेपर भरून दिले. ओसरीत धानाच्या कोठीला टेकून ती बसायची, पेटीवर लॅपटॉप. आतल्या खोलीत बायकोची खाट. मधल्या दारात मी.

पेपरातलं मला काही कळत नव्हतं. एवढं कळलं, की त्याचे तीन भाग असतात आणि प्रत्येक भागाला आपली वेळ असते. वेळ संपली की स्क्रीन आपोआप पुढच्या भागावर जाते. मागचं राहिलं ते राहिलं, परत फिरता येत नाही.

"मंग हे तं माह्यावालंच काम हाय," मी म्हटलं.

आणि शिकवायला गेलो. आमच्या तलावाचा रिवाज असा, की पाणी आधी शेपटाला द्यायचं, सगळ्यात शेवटच्या बांधीला. तोंडाजवळच्यांना आधी दिलं तर शेपटापर्यंत थेंब पोचत नाही. मी तिला सांगितलं, भागातला शेवटचा प्रश्न आधी धर. तिनं धरला. त्या पेपरात शेवटी सगळी आडमुठी गणितं होती. ती एकाच गणितात रुतून बसली, वेळ संपली, आणि सुरुवातीचे सोपे प्रश्न कोरडेच राहिले.

"बाबा, हे धान नोहोय," ती लॅपटॉप आपटून म्हणाली.

खाटेवरून बायको हसली. "यायले लेकीच्या पेपरात बी तलावच दिसते. उद्या म्हनतीन, कॉम्प्युटरमंधी मासोऱ्या सोडा." हसता हसता तिनं पोट धरलं. पोटात गाठ होती. नागपूरच्या डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं होतं. घरी न्या म्हणजे काय, ते तिला आमच्याआधी कळलं होतं.

तिला मुलगीच लागायची. पाणी दे, कूस बदल, पाठ चोळ. मी गेलो तर म्हणायची, "तुमचा हात खरबरीत लागते. पोरीले पाठवा." मुलगी पेपर अर्धा टाकून उठायची, परत येईपर्यंत तो भाग निघून गेलेला असायचा. बायकोला अक्षर येत नव्हतं. पण मुलगी लॅपटॉपचं झाकण कसं बंद करते, त्या आवाजावरून तिला पेपर कसा गेला ते समजायचं.

एका दुपारी मुलगी सडक अर्जुनीला औषधं आणायला गेली होती. बायकोनं मला जवळ बोलावलं.

"आजपासून पेपर सुरू असला म्हंजे तिले उठू द्याचं नाही. मी बोंबलली तरी नाही."

"अन् मेलीस तं?"

"मंग तं बिलकुलच नाही. मेल्यावर मले कायची घाई?"

"तिले सांगू का तसं?"

"नोका सांगू. आई असं म्हनते, हे मालूम झालं तं ती पेपर सोडून माह्याच पायथ्याशी येऊन बसन. तुमीच वाईट व्हा. तुमाले सवय हाय."

मी झालो. बायकोनं हाक मारली की मुलगी उठायची आणि मी म्हणायचो, "बस." ती माझ्याकडे बोकड कापणाऱ्याकडे पाहावं तशी पाहायची. पण बसायची. आत मी जायचो, माझ्या खरबरीत हातानं बायकोला पाणी पाजायचो. बायको पाणी पिऊन डोळा मारायची. आमचं दोघांचं ते असं चाललं होतं.

परीक्षा जवळ आली तशी गाठ वाढली. बायकोला दिवस कळेनासा झाला, माणूस कळेनासं झालं. एका सकाळी मुलीचा दुसरा भाग सुरू होता आणि बायकोनं तिला हाक मारली. नेहमीची नव्हती. मी आत गेलो. "तुमी नाही," ती म्हणाली. "पोरीले बोलवा. मले तिले सांगाचं हाय."

"पेपर सुरू हाय."

"मेला पेपर! पोरीले बोलव, हरामखोरा."

इतक्या वर्षांत ती मला कधी अरेतुरे बोलली नव्हती. नियम तिचाच होता आणि तिला तो आठवत नव्हता. मुलगी अर्धी उठली होती. मी बाहेर येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबलं. ती बसली. आतून शिव्या येत होत्या, मग नुसता घशाचा आवाज, मग तोही नाही. वेळ संपली, स्क्रीन बदलली, तशी ती धावली.

आईचे डोळे उघडे होते, श्वास होता, वाचा गेली होती. संध्याकाळी श्वासही गेला. काय सांगायचं होतं, ते कोणालाच कळलं नाही.

दहाव्याला घर भरलं. मुलीनं मावशीजवळ सगळं सांगितलं असणार. ती माझी साळी भर अंगणात, जेवणाऱ्या पंगतीसमोर म्हणाली, "पानकरानं बायकोचं बी पानी बंद केलं. मरतावेरी पोरगी भेटू देली नाही." लोक पत्रावळीत पाहून जेवत राहिले. ज्यांच्या बांध्या मी कोरड्या ठेवल्या होत्या, त्यांनी भात दोनदा मागून घेतला. मुलगी वाढत होती. माझ्या पत्रावळीला तिनं वगळलं.

दिवस झाल्यावर तिनं लॅपटॉप पुन्हा उघडला. माझ्याकडे पाठ करून बसायची. आता तिला कोणी बसवायची गरज नव्हती. पाहुणा येवो, दूध उतू जावो, ती हलत नसे. एकदा म्हैस सुटून परसात शिरली, वांगी खाऊन गेली, ती तिथंच बसून पेपर सोडवत होती. मार्क वाढले. मॅडम खूश झाल्या.

परीक्षा नागपूरला होती. सडक अर्जुनीच्या फाट्यावरून बस धरली. पूर्ण रस्ताभर ती खिडकीबाहेरचे ट्रक पाहत राहिली. केंद्राच्या फाटकावर गार्डनं तिच्या कानातले काढायला लावले. तिच्या आईचे होते. ते तिनं माझ्या हातावर ठेवले, बोट लागू न देता.

मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. एक बाप विचारून राहिला होता, "आपकी बच्ची की तैयारी कैसी है?" मी म्हटलं, "पक्की है."

ती बाहेर आली तेव्हा पोरं हसत-रडत होती, ही कोरडी होती.

"कसा गेला?"

"चांगला." कानातले परत घेताना म्हणाली, "दुसऱ्या भागात आईनं हाक मारली. साफ आयकू आली. मी उठली नाही."

तेव्हा मी सांगितलं. "तो नियम तुह्या आईचा होता. तिनंच मले सांगून ठेवलं होतं, मी बोंबलली तरी उठू देऊ नोका म्हनून."

ती तिथंच, रस्त्याच्या मधात उभी राहिली. "तिच्यावर ढकलू नोका, बाबा. तिले आता नाही म्हनता येत नाही."

"खरं सांगून राहिलो."

"मंग तवाच काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू उठली असती."

"हो," ती म्हणाली. "उठली असती. हेच तं."

नंबर लागला. दूरच्या मोठ्या कॉलेजात लागला. बायकोला पाहिजे होतं तसंच झालं. पोरगी चिखलातून बाहेर पडली. मी चूक केली असं मला आजही वाटत नाही. त्या सकाळी पुन्हा उभा केला तर पुन्हा तिचा खांदा दाबीन. पण रोज सकाळी ती हाक मला ऐकू येते, आणि पोरीसारखं मला बसून राहता येत नाही. उठतो, आतल्या खोलीत जातो, खाट पाहतो, परत येतो.

रविवारी तिचा फोन येतो. जेवले का, गोळ्या घेतल्या का, एवढं विचारते. अभ्यास फार आहे, म्हणून फोनला तिनं वेळ बांधली आहे. वेळ झाली की म्हणते, "बाबा, टाइम झाला," आणि ठेवते. मी बोलण्याच्या मधेच असलो तरी ठेवते. मागच्या रविवारी मी सांगत होतो, की म्हैस व्यायली, आणि पारडं कपाळाला पांढरं आहे, तुझ्या आईच्या त्या जुन्या म्हशीसारखंच, आणि

फोन ठेवल्याचा आवाज आला. मी परत लावला नाही.