आधी पाणी ओता

सिस्टर कुणाला "या, बसा" म्हणायच्याच नाहीत. गाडीचं दार उघडायच्या आत त्यांची हाळी यायची, "आधी पाणी ओता!" पर्थहून दोन दिवस गाडी हाकून, शेवटचे तीन तास वाळूत हाडं खिळखिळी करून घेऊन माणूस पोचणार, आणि हे स्वागत. पहिल्या वर्षी मला रागच आला. म्हटलं, बाई आहे की जकात नाका!

पण त्या फिशिंग कॅम्पचा नियमच तसा. एका अंगाला लाल वाळवंट, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे पत्र्याच्या चार खोल्या. नळ नाही, वीज नाही, फोनला रेंज नाही. प्यायचं पाणी ज्याने त्याने घरून आणायचं आणि आल्याआल्या सावलीतल्या एकाच निळ्या ड्रममध्ये ओतायचं. साखळीने बांधलेला एकच स्टीलचा मग. कुणाचं किती, विचारायचं नाही. नियम तिथल्या जुन्या गोऱ्या मासेमारांचा होता. सिस्टरनी आमच्या मराठी ग्रुपमध्ये तो कडक पाळायला लावला आणि वर स्वतःचं एक कलम जोडलं, "झाकण लावा, वाळू जाते." दिवसातून दहादा तरी ते ऐकायचो.

सिस्टर मूळ महाडकडच्या, पर्थमध्ये नर्स म्हणून रिटायर झालेल्या. फिशिंग इथेच शिकल्या. एकदा गळ त्यांच्याच अंगठ्यात घुसला, तर पक्कडीने टोक पुढून बाहेर काढून तोडलं, उरलेला मागे ओढला आणि मलाच दटावलं, "चक्कर येणार असेल तर खाली बस. पडलीस तर तुलाही मलाच बघावं लागेल." मी पुण्याची, मासा फक्त ताटात बघितलेली. त्यांनी माझ्या हातात सुरी दिली. "खायचा ना? मग खवले काढायला शीक." शिकले बाई, काय करते!

तीन वर्षांपूर्वी माझे सासरे, अण्णा, पुण्याहून आले होते. त्यांनाही कॅम्पवर नेलं. आपले दोन कॅन त्यांनी हौसेने स्वतः ड्रममध्ये ओतले. सिस्टरनी तळलेला मासा दोनदा मागून खाल्ला. "तुमच्या हाताला चव आहे हो," म्हणाले. मग हात पुसत विचारलं, "पूर्ण नाव काय तुमचं?" जात विचारायची ही आपली सभ्य रीत. सिस्टरना काय ती नवीन होती? त्यांनी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं आणि न विचारता पुढचंही ऐकवलं, "माझे पणजोबा तळ्याचं पाणी प्यायला चालत गेले होते. मार खाऊन आले. पण पिऊन आले."

अण्णा "हो का, वा वा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं पोट अचानक नाजूक झालं. "ड्रममधून आपले दोन कॅन परत भरून दे गं," ते मला म्हणाले. "मला वेगळं पाणी लागेल." सिस्टर तिथेच गळाच्या लाइनची गाठ सोडवत बसल्या होत्या. त्या उठल्या, ड्रमचं झाकण काढलं आणि स्टीलचा मग अण्णांच्या हातात दिला.

"घ्या ना. यातलं तुमचं कुठलं ते ओळखा आणि काढून घ्या."

अण्णा ड्रममध्ये बघत राहिले. माझा नवरा उगाच टायर तपासायला लागला. आणि मी? मी वाळूकडे बघत बसले. शेवटी अण्णांनी मग ठेवून दिला आणि उरलेले दोन दिवस कोल्ड्रिंकवर काढले. काढेनात का! पण मी गप्प बसले, ते मला अजून टोचतं.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "अण्णांचं सोड. असल्यांना मी सलाइन लावून बरं करून घरी पाठवलंय. त्यांच्यापायी मी कॅम्प सोडणार नाही. पण तू सुरी धरायला शिकलीस, तोंड उघडायला नाही शिकलीस." मला रडू फुटलं. "पाणी घालवू नकोस," त्या म्हणाल्या, "इथे टंचाई आहे."

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि सिस्टर लेकीकडे सिडनीला, क्वेकर्स हिलला गेल्या. "ड्रम आता तुझ्याकडे," एवढंच बोलल्या. त्या नसलेला कॅम्प मला अजिबात आवडत नाही. तरी गेले, जाणार होतेच.

यंदा अण्णा पुन्हा आले, तेही तयारीनिशी. दोन कॅन, दोन्हींवर स्वतःच्या नावाची चिठ्ठी. "हे गाडीतच राहू देत. ड्रममधलं कोण कोण पितं, आपल्याला काय माहीत?" मी दोन्ही कॅन उचलले आणि सगळ्यांसमोर शेवटच्या थेंबापर्यंत ड्रममध्ये ओतले.

"सूनबाई!" अण्णा ओरडले.

"अण्णा, इथे पाणी एकच आहे. तहान लागली की स्टीलचा मग तिथे आहे."

तोच मग भरून मी प्यायले. पुन्हा टायर तपासायला लागलेल्या नवऱ्याने ते सोडले, माझ्या हातून मग घेतला आणि तोही प्यायला. अण्णा रुसून बसले. दुपारी ऊन चढल्यावर हळूच उठले आणि दोन मग प्यायले. मी बघितलं, आणि बघितलं हे त्यांना कळू दिलं.

परत येताना रेंज आली तिथे गाडी थांबवून मी सिस्टरना मेसेज टाकला, "अण्णांचे दोन्ही कॅन ओतले."

मिनिटभरात उत्तर आलं, "झाकण लावलंस का?"