थडग्यापाशी रडलेला प्रभू

पत्नीला साताऱ्यात मूठमाती दिली, तेव्हा आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी मला बजावलं होतं, की पुनरुत्थानावर विश्वास असणारा माणूस रडत नाही. माझ्याजवळ आता विश्वासच काय तो उरला होता, म्हणून मी रडलो नाही.

महिनाभरानं उंब्रजला पाटणच्या मोटारीची वाट पाहत उभा होतो. शेजारी पांढऱ्या लुगड्यातली एक बाई शुभवर्तमानाच्या पुस्तिका विकायला मांडून बसली होती. वारा आला की ती त्यांवर हलकेच तळवा ठेवी, जणू कुणाचा ताप पाहत आहे.

"आवं बाई," एका शेतकऱ्यानं डिवचलं, "तुमच्यात मानूस मेलं तरी रडायची बंदी हाय म्हनं? लय घट्ट काळजाची मानसं!"

ती हसली. "कुनी सांगितलं? आमचा प्रभू दोस्ताच्या थडग्याम्होरं सोता रडला. घटकाभरात त्याला जित्ता उठवनार, हे ठावं असून रडला."

ती कथा मला पाठ होती. तरी माझे डोळे भरले, आणि मग रडू आवरेना.

"गप ऱ्हावा, पावनं," शेतकरी गडबडून म्हणाला.

"गप कशापायी?" पुस्तिका उचलून तिनं मला बसायला जागा केली. "मोटार येईस्तोवर रडू द्या त्यास्नी."