थरथरत्या बोटांचा फोन

ती दातांच्या कवळ्या बनवायची. मेण कोरण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि कॉम्प्युटरशी खटपट करायची हौसही दांडगी. वडिलांची बोटं थरथरायला लागली तेव्हा बाजारातला एकही फोन त्यांना चालेना. एक आकडा दाबावा तर तो तीनदा उमटायचा. मग तिने सुटे भाग मागवून घरीच मोठ्या बटणांचा फोन जुळवला. त्यात घालायचा प्रोग्राम कुणा अनोळखी माणसाने लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. थरथर कुठली आणि खरं दाबणं कुठलं, हे त्या प्रोग्रामला बरोबर कळायचं. खोट एकच. थोडा वेळ पडून राहिला की फोन झोपायचा आणि आलेला कॉल वाजायचाच नाही. लिहिणाऱ्याने तर केव्हाच अंग काढून घेतलं होतं.

तिने चिकाटीने चूक शोधली, दुरुस्ती केली आणि ती इंटरनेटवर मूळ प्रोग्रामच्या पानावर टाकली. लगेच त्या माणसाचा निरोप आला, "आता तुम्हीच सांभाळा. पासवर्ड पाठवतोय."

ती हरखली. "बाबा, हा आता आपला."

"म्हणजे बिघडला की शिव्याही आपल्यालाच," वडील म्हणाले.

झालंही तसंच. हाच प्रोग्राम वापरणाऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. कुणाच्या फोनचा आवाज फाटायचा, कुणाची बॅटरी टिकायची नाही. रविवार त्यातच जायचे. तरी प्रत्येक दुरुस्ती वडिलांच्या बोटांवर पारखून घेताना तिला बरं वाटायचं.

मग वडील गेले. तिने त्यांचा फोन कपाटात ठेवला आणि 'हे काम मी थांबवत आहे' असं लिहायला घेतलं. तेवढ्यात एका बसचालकाचा निरोप आला. त्याच्या गावातलं जुनं नेटवर्क बंद होणार होतं, प्रोग्राम बदलला नाही तर त्याच्या आईचा असाच फोन मुका होणार होता. 'आई एकटी असते. तुम्ही कराल ना?'

तिने प्रोग्राम लिहिणाऱ्या मूळ माणसाला विचारलं, दुसरं कोणी आहे का?

'मीही शोधतच होतो,' त्याने कळवलं. 'मग तुम्ही सापडलात.'

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडणार कोणाशी? लिहिलेली सूचना तिने पुसली, फोन बाहेर काढला आणि कामाला लागली. पारखायला आता वडिलांची बोटं नव्हती. जेवणाच्या टेबलाशी बसून ती स्वतःचाच हात मुद्दाम थरथरवत बटणं दाबू लागली. नवऱ्याने ते पाहिलं, तिचं ताट झाकून ठेवलं.

"किती दिवस हे?"

"कोणीतरी घेईपर्यंत."

"आणि घेणाऱ्याला आधी सांगशील, यात काय काय येतं ते?"

तिने पुढचं बटण दाबलं.

नवा प्रोग्राम चालला. 'आईचा फोन वाजला,' बसचालकाने कळवलं. खाली आणखी तक्रारी होत्या. एकीत नुसतं लिहिलं होतं, 'अजून किती वाट बघायची?' तिने खुर्ची पुढे ओढली आणि ती तक्रार करणाऱ्याला विचारलं, नेमकं काय बिघडलंय.